दहावी ओळ

एल तोकुयो
सोमवार, १६ ऑगस्ट २००४

प्रिय एवेलियो,

सार्वमत झालं, अध्यक्ष राहिले. निवडणूक मंडळानं ते पहाटेच जाहीर केलं होतं, पण आमच्या बाजूचं कुणी मानायला तयार नव्हतं. आज दुपारी तुमच्या निरीक्षक मंडळाच्या प्रमुखांनी कराकसमध्ये पत्रकारांना सांगितलं, की तुमची स्वतंत्र मोजणी सरकारी मोजणीशी जुळते. मी वृत्तसंस्थेकडून खात्री करून घेतली. दुसरी खात्री आईनं दिली. ती टीव्हीसमोर टाळ्या वाजवत होती.

दुपारनंतर परदेशी सरकारांची अभिनंदनं यायला लागली. आई स्वयंपाकघरात काळ्या घेवड्याला फोडणी देत होती आणि दर दहा मिनिटांनी विचारत होती, "आता कुणाचं आलं?" लग्नघरी तारा याव्यात तसं चाललं होतं. एका देशाचं नाव तिनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, तरी म्हणाली, "चांगली माणसं दिसतात."

अध्यक्षांना घालवायला निघालेले आम्ही शंभरात चाळीस. आमचे नेते घोटाळा म्हणतात. त्यांच्या हातात पुरावा काय, असं मी विचारलं, तर फोन दुसऱ्याकडे देतात. मी दोन्ही बाजूंचं म्हणणं सहाच्या आत वर्तमानपत्राला पाठवून दिलं.

मग उबाल्दिना आली. तुला सांगायला हवं, मार्चपासून तुझी धर्ममाता फार थकली आहे. शाळेच्या स्वयंपाकघरातून तिला काढलं ते मी लिहिलं होतं. कागदावर कारण होतं 'गरज उरली नाही'. खरं कारण सगळ्या गावाला माहीत आहे: सार्वमत मागणाऱ्यांची यादी फुटली आणि तिच्यात तिचं नाव होतं. सहा सप्टेंबरला बार्किसिमेतोच्या कामगार कचेरीत तिच्या तक्रारीची सुनावणी आहे.

ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "एवेलियोनं स्वतः आकडे बघितले का गं?"

"बघितले असणार. त्याच कामासाठी आलाय तो."

"मग संपलं. हरलो तर हरलो. बाप्तिस्म्याला मी त्याला धरलं होतं, पाद्र्याच्या अंगावर मुतला होता कार्टा. पण खोटं कधी बोलला नाही."

आईनं तिला हाक मारून घेवडा वाढला. पोराची आई आणि धर्ममाता या नात्यानं दोघी एकमेकींना अजून कोमाद्रेच म्हणतात. फक्त टीव्ही चालू असला की उबाल्दिना पाठ फिरवून बसते.

तू हॉटेलातून आईला फोन केलास आणि नियमामुळे येता येत नाही म्हणालास. तिनं ते मान्य केलं. नऊ वर्षांनी देशात आलेला माणूस, सहा तासांचा रस्ता. मला ते मान्य करायला जड जातंय.

ईस्टरला मी सह्यांच्या टेबलाबद्दल तुला जे लिहिलं, ते पत्र कुणाला दाखवू नकोस. फाडून टाकलंस तर बरं.

तुझी,
नोहेलिया


शुक्रवार, २० ऑगस्ट

एवेलियो,

तुमचा प्राथमिक अहवाल काल प्रसिद्ध झाला. एकतिसाव्या पानावरचा उतारा एका खऱ्या पत्रातला आहे, असं तुमच्या प्रवक्त्यानं मला फोनवर सांगितलं. फोन मीच केला होता, कारण त्याची बातमी मलाच करायची होती.

सकाळी नऊला संपादकांनी मला फोन केला. "नोहेलिया, पश्चिमेकडचं उसाचं गाव, चर्चच्या कमानीखाली टेबल. हे तुझंच गाव की. ही बाई कोण ते सहापर्यंत शोध."

"सापडली नाही तर?"

"बावीस वर्षांत तुला कुणी सापडलं नाही, असं झालंय का कधी?"

उतारा मी इथे उतरवून काढते, म्हणजे तुला परत वाचावा लागेल. 'बेचाळीस जणांची माहिती मी एकटीनं, माझ्या अक्षरात भरली. एका ओळीवर तर सहीसुद्धा माझी आहे.' त्याखाली तुमचं वाक्य: 'यावरून एकाच हस्ताक्षरातल्या अर्जांविषयी निवडणूक मंडळानं घेतलेला संशय निराधार होता असं म्हणता येत नाही.'

माझ्या पत्रात त्या दोन वाक्यांपुढे तिसरं वाक्य होतं. ते मला तोंडपाठ आहे, कारण ते लिहिताना मी रडले होते. 'बाकीच्या एकेचाळीस जणांनी, तुझ्या धर्ममातेसकट, माझ्या डोळ्यांदेखत सही केली आणि अंगठा उठवला, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन.' ते कुठे गेलं? कागद संपला का तुमचा?

तू इथे नव्हतास, म्हणून पुन्हा सांगते. एका अर्जावर दहा ओळी. नाव, ओळखपत्राचा क्रमांक, जन्मतारीख, सही, अंगठा. चौकटी नखाएवढ्या. खाडाखोड झाली तर ओळ बाद. ऊस तोडणारे हात त्या चौकटींत काय लिहिणार? रांगेतला प्रत्येक जण ओळखपत्र माझ्यापुढे टाकून म्हणायचा, "तू लिही बाई, तुझं अक्षर सिस्टरांच्या शाळेतलं." मला बरं वाटायचं. बातमीदारानं त्या टेबलावर बसायला नको होतं, ही माझी पहिली चूक. सुंदर अक्षर काढलं, ही दुसरी. फेब्रुवारीत निवडणूक मंडळानं एका हातानं भरलेले सगळे अर्ज बाजूला काढले, आणि मे महिन्यात लोकांना परत जाऊन सांगावं लागलं की सही माझीच. उबाल्दिना पाच तास उन्हात उभी होती. नोकरी आधीच गेलेली असताना.

आज सरकारी वाहिनीनं तुमचा उतारा दोनदा वाचला. एका परदेशी सरकारचा प्रवक्ता म्हणाला, की विरोधकांनी इतरांवर आरोप करण्यापूर्वी आपले कागद तपासावेत. म्हणजे आता मी परराष्ट्र धोरणात आहे.

सहा वाजता मी संपादकांना सांगितलं, बाई सापडली नाही.  ते म्हणाले, "बरं."

हे पत्र स्टेशनरीच्या दुकानातून तुझ्या हॉटेलात फॅक्स करते आहे. दुकानदारानं वाचू नये म्हणून मी यंत्रापाशीच उभी राहणार आहे. तू उत्तर दे.

नोहेलिया


मंगळवार, २४ ऑगस्ट

एवेलियो,

शाळेच्या मुख्याध्यापिकेनं काल उबाल्दिनाला बोलावलं. नोकरी परत मिळू शकते. एका जबाबावर सही करायची, एवढंच. हे मला स्वतः उबाल्दिनानं सांगितलं आणि जबाबाची प्रत दाखवली. 'सदर अर्जावरील सही माझी नसून ती माझ्या नकळत अन्य व्यक्तीनं केलेली आहे.' अन्य व्यक्तीच्या पुढे मोकळी जागा आहे, नाव लिहायला.

मुख्याध्यापिका योराइमा तुला आठवत असेल, तुझ्या वर्गात होती. दुष्ट नाही ती. उबाल्दिनाला खुर्ची दिली, कॉफी दिली. म्हणाली, "मावशी, आता परदेशी लोकसुद्धा म्हणतायत की त्या सह्या खोट्या. तुम्ही कशाला एकट्या अडून बसता? सही करा आणि पहिलीच्या पोरांना तुमच्या हातच्या अरेपा मिळू देत."

"सही माझी आहे."

"अहो, पण कोण विचारतंय आता?"

"मी विचारतेय ना."

ती तिथून सरळ माझ्याकडे आली. ओट्यावरच्या टोपलीतला आसेमिता पाव उचलला, मोडला, खाल्ला नाही. म्हणाली, "ती बाई तूच ना?"

मी हो म्हटलं.

"दुसऱ्याची सही केलीस ती कुणाची?"

मी सांगितलं नाही. आई पलीकडच्या खोलीत होती.

"माझी तर नाही ना?"

"उबाल्दिना, तू माझ्यासमोर केलीस. पेन चाललं नाही म्हणून झटकलंस, माझ्या बाहीवर शाई उडाली."

"तेच म्हणते मी. मला आठवतंय. पण आत्ता ती इतकं गोड बोलत होती, की वाटलं, आपलंच काही चुकतंय का."

एवेलियो, मला सगळ्यांत जास्त राग त्याचा आहे. नोकरी गेली तेव्हाही ती अशी स्वतःवर शंका घेत नव्हती. तिच्याजवळ एकच गोष्ट उरली होती, स्वतः केलेली सही, आणि तीही तिला तपासून बघावी लागली.

तुझं उत्तर कालच मिळालं. अकरा ओळी. 'नाव आणि गाव दिलेलं नाही. पद्धतीच्या दृष्टीनं तो नमुना महत्त्वाचा होता. तुला त्रास झाला असेल तर वाईट वाटतं.' गाव दिलेलं नाही, पण ऊस दिला, चर्च दिलं, कमान दिली. सत्तर माणसांना पुरेल एवढा पत्ता आहे तो. आणि त्रास मला झाला, असं तू धरून चालला आहेस.

मला एकच कागद हवा आहे. माझं तिसरं वाक्य, मंडळाच्या शिक्क्यासह, सहा तारखेच्या आत. वकील तोर्रेआल्बा म्हणतात, त्या एका कागदावर उबाल्दिनाची बाजू उभी राहील. त्याच्याशिवाय समोरचा वकील एकतिसावं पान वाचेल, सही तिची नव्हतीच मग सहीमुळे काढलं कसं म्हणेल, आणि खाली बसेल.

नोहेलिया


रविवार, २९ ऑगस्ट

एवेलियो,

मंडळ शुक्रवारी देशाबाहेर गेलं. हॉटेलच्या कचेरीनं ते मला सांगितलं. म्हणून हे माँट्रियलच्या पत्त्यावर.

काल तुझा फोन आला तेव्हा आई चर्चमध्ये मिस्सासाठी गेली होती. तू तीच वेळ निवडलीस, हे मला कळतं. तू बोललास ते तुला परत दाखवते, कारण फोनवर बोललेलं पुढे कुणाला आठवत नाही.

तू म्हणालास, "अहवाल प्रसिद्ध झाला, आता एक शब्दही बदलत नाहीत."

मी म्हटलं, वेगळा कागद दे.

"वेगळा कागद द्यायचा तर ते मूळ पत्र मागतील."

दे मग.

 तू म्हणालास, "पत्र कुणाचं हे मी त्यांना सांगितलेलं नाही. क्षेत्रातला एक स्रोत, एवढंच. बहिणीचं पत्र म्हटलं तर मला मंडळातून काढतील. विद्यापीठातूनसुद्धा."

तेव्हा कुठे मला सगळं कळलं. नमुना म्हणून तू मला वापरलंस, त्याला दोन बाजू होत्या. पत्र कुणाचं हे तू त्यांच्यापासून लपवलंस, आणि ते वापरलं हे माझ्यापासून. आणि तिसरं वाक्य तू का गाळलंस, तेही कळलं. त्यात 'तुझ्या धर्ममातेसकट' असे शब्द होते. त्यावरून नातं उघड झालं असतं. बरोबर ना? मला वाटलं होतं, तू सरकारच्या बाजूचा झालास. तसं असतं तर निदान भांडता आलं असतं.

तू विचारलंस, "पण सही तर तू खोटी केलीच होतीस ना?"

केली होती. ईस्टरच्या पत्रात मी कुणाची ते लिहिलं नव्हतं. तू विचारलंही नाहीस. आता लिहिते.

शेवटचा दिवस, पाच वाजत आलेले. अर्जावर नऊ ओळी भरलेल्या, दहावी कोरी. नववी उबाल्दिनाची. कमानीखाली रांग संपली होती. आईचं ओळखपत्र माझ्या पर्समध्ये होतं, सकाळी मी तिच्या औषधांसाठी नेलं होतं. अर्ज अपुरा दिसत होता. एवढंच कारण. वर्तमानपत्रात आयुष्य गेलेल्या माणसाला रिकामी जागा बघवत नाही. मी तिचं नाव लिहिलं, सही केली, अंगठाही माझाच उठवला.

आईचं. अध्यक्षांचा फोटो देव्हाऱ्यात मेरीच्या शेजारी लावणाऱ्या आपल्या आईचं.

मे महिन्यात तिची ओळ आपोआप बाद झाली, कारण ती सही माझी म्हणायला कुणी गेलं नाही. पण यादीत नाव राहिलं. उन्हाळ्यात ती सरकारी मोफत चष्म्यासाठी नाव द्यायला गेली, तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "दोन्या क्रिस्पुला, तुम्ही तर यादीत आहात की." चष्मा दिला तिनं, पण हसून दिला. तेव्हापासून आई भेटेल त्याला सांगत सुटली आहे, की कंप्युटर चुकला. मी शेजारी उभी राहून मान डोलावत आले आहे. हो, कंप्युटरच चुकला.

तू मला फसवलंस असं मी आठ दिवस लिहिते आहे. ते खरंच आहे, त्यातला शब्द मी मागे घेत नाही. पण तू विचारलंस म्हणून हे उत्तर.

अजून आठ दिवस आहेत. कागद पाठव.

नोहेलिया


शनिवार, ४ सप्टेंबर

एवेलियो,

तुझ्याकडून कागद येणार नाही. मी तुमच्या विद्यापीठालाही फॅक्स केला होता, त्यांच्या कचेरीनं काल मला तसं कळवलं. पत्र सभ्य आहे. 'स्रोतांच्या संरक्षणासाठी' ते माझ्या विनंतीवर काही करू शकत नाहीत. स्रोत मीच आहे, हे त्यांना कुणी सांगावं?

मी गुरुवारी आईला सांगितलं. ती दारापुढे खुर्ची टाकून बसली होती, नवा चष्मा लावून. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, पेनापासून अंगठ्यापर्यंत. तिनं चष्मा काढला, झग्याच्या टोकानं पुसला, परत लावला.

"म्हणजे कंप्युटर चुकला नव्हता."

"नाही, आई."

"आणि मी गावभर सांगत हिंडले."

मी उंबऱ्यावर बसले.

"आमच्या लोकांनी मला हसून घेतलं. म्हटलं असेल, म्हातारी घाबरून पलटली. आता बरी कंप्युटर कंप्युटर करते." मग म्हणाली, "तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस."

"हो."

"कोमाद्रेला माहीत आहे?"

"दहावी ओळ कुणाची ते नाही माहीत."

"मग काठी दे माझी."

ती एकटी रस्ता ओलांडून उबाल्दिनाकडे गेली. मला येऊ दिलं नाही. मी खिडकीतून बघत राहिले. दोघी तिच्या पडवीत बसल्या होत्या.  मग उबाल्दिना आत गेली, कॉफी घेऊन आली, आणि मला एवढं ऐकू आलं: "तुझा माणूस जिंकला, कोमाद्रे, आणि तरी तूच फसलीस." त्यावर आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण उबाल्दिना हसली. मार्चनंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर आई म्हणाली, "सोमवारी मी येते. मी सांगते, नववी ओळ कोमाद्रेची आहे आणि दहावी माझी नाही."

मी तिला समजावलं, की याचा अर्थ मी फौजदारी गुन्ह्यात अडकते. दुसऱ्याच्या नावानं सही करणं हा साधा मामला नाही.

"मला समजतं."

"तू ती तुझीच म्हणालीस तर सगळं मिटेल. अर्जावर एकही खोटी ओळ राहणार नाही."

"माझ्या तोंडून मी अध्यक्षांविरुद्ध सही केली म्हणू? एकदा तू माझ्या हातानं खोटं बोललीस. आता तोंडानंही?"

तोर्रेआल्बांना मी काल हे सांगितलं. त्यांनी टेबलावरचे कागद नीट लावले, जे ते वाईट बातमी देण्यापूर्वी करतात. म्हणाले, कायद्याच्या दृष्टीनं हाच उत्तम पुरावा आहे. खोटी ओळ कुठली हे ठरलं, की बाकीच्या नऊ ओळी आपोआप खऱ्या ठरतात, आणि उबाल्दिनाची त्यांत येते. शिक्क्याच्या कागदाचीही मग गरज नाही. "पण बाई," ते म्हणाले, "तुमच्या वर्तमानपत्राला तुम्ही आधी सांगा. दुसऱ्यांकडून कळलं तर वाईट दिसेल." मी संध्याकाळी संपादकांना राजीनामा पाठवला आणि सोबत बातमी. बाई सापडली, असं पहिलं वाक्य आहे. ते म्हणाले, मंगळवारी छापतील.

उबाल्दिनानं योराइमाचा जबाबाचा कागद परत केला. त्यावर तिनं काहीच लिहिलं नाही.

सोमवारी पहाटेच्या बसनं आम्ही तिघी निघू. सुनावणी दहाला आहे. आधी उबाल्दिनाचा जबाब, मग आईचा, मग माझा. तोर्रेआल्बांचा अंदाज आहे, की निकाल त्याच आठवड्यात लागेल आणि उबाल्दिना महिनाअखेर स्वयंपाकघरात परत जाईल. माझे कागद सरकारी वकिलाकडे जातील. तिथून बोलावणं यायला दोन-तीन आठवडे लागतील. हे मी कुणाला लिहिलं होतं, असं ते पहिल्याच दिवशी विचारतील, कारण एकतिसाव्या पानाशिवाय हा विषय कुणाच्या लक्षातही आला नसता. मी तुझं नाव सांगणार आहे आणि नातंही. मग ते तुमच्या विद्यापीठाला लिहितील.

हे मी आईला आधी विचारलं. तिचा मुलगा आहेस तू, म्हणून विचारायला हवं होतं. ती चपला पुसत होती, सोमवारसाठी. वर न बघता म्हणाली, "पत्ताही दे."

नोहेलिया